सैंधव आणि चाऊ

गेल्या वैशाखात, रायपूरचा पारा 45 अंशांशी सलगी करू लागतो आणि तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांची दारे सकाळी दहालाच लोटून घेतली जातात त्या दिवसांत, माझी पुतणी पेनसिल्व्हेनियाहून आली आणि तिच्या सामानातून, चॉकलेटे, औषधी गोळ्या व मुलांचे जोडे यांच्या राशीतून, कापडात गुंडाळलेली एक रुंद तोंडाची काचेची बरणी बाहेर निघाली. तीत फुलकोबीचे तुरे, गाजराच्या चकत्या, घेवडा आणि हिरवे टोमॅटो मोहरी घातलेल्या पिवळट, गोडसर शिरक्यात बुडवून ठेवलेले होते. तिकडच्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांच्या घरी हंगामाच्या शेवटी बागेत जे उरेल ते चिरून असे मुरवण्याची जुनी रीत आहे. वरच्या चिठ्ठीवर रोमन अक्षरांत नाव होते, ‘चाऊ-चाऊ’. आमच्या सौभाग्यवतींनी बोटाच्या टोकावर घेऊन चव पाहिली आणि हे आपल्या फेसलेल्या मोहरीच्या लोणच्याचे, साखरेत वाढलेले सावत्र भावंड आहे असा निकाल देऊन, दुपारच्या पंक्तीला पानाच्या डाव्या बाजूस तोंडीलावणे म्हणून ते वाढण्याची तजवीज केली.

एवढ्याने हा लेख लिहावा असे काही घडले नसते. परंतु आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरी एक कुत्रा आहे. सिंहासारखी आयाळ, रुसल्यासारखे तोंड आणि शाईत बुडवून काढावी तशी निळसर काळी जीभ. हिमप्रदेशास शोभेल असे ते लोकरीचे प्रावरण अंगावर वागवीत हा प्राणी उन्हाळाभर ओल्या गोणपाटावर, कूलरच्या झोतात निजून दिवस काढतो आणि त्याच्या जातीचे नाव तेच त्याचे नाव समजून सारी गल्ली त्याला ‘चाऊ’ म्हणते. तेव्हा ‘आज जेवायला चाऊ आहे’ हे पुतणीचे वाक्य ऐकून घरातली मुले खो खो हसली. याच वेळी ओसरीवर भांडी घासत बसलेल्या, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी मान वर करून अत्यंत गंभीरपणे विचारले की, चाउर आणला तो कोणता; दुबराज की जवाफूल? छत्तीसगढीत तांदळाला चाउर म्हणतात हे येथे चार पिढ्या काढलेल्या आम्हां मराठी माणसांना ठाऊक नव्हते असे नाही. पण चाऊ या ध्वनीत तांदूळ ऐकू येऊ शकतो ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

एका शब्दात कुत्रा आणि तोंडीलावणे नांदतात या गोष्टीचा विस्मय आपल्याला वाटू नये, कारण आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न शतकानुशतके ज्या उदाहरणावर घोळवला ते उदाहरण जवळजवळ याच साच्याचे आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडा. धनी म्हणतो, ‘सैंधव आण’; तो जेवायला बसला असेल तर सेवकाने मीठ आणावे, प्रवासाच्या पोशाखात उभा असेल तर घोडा आणावा. साहित्यशास्त्राच्या पहिल्याच इयत्तेत विद्यार्थ्यास हे शिकवतात आणि प्रकरणावरून अर्थाचा निश्चय होतो एवढे तात्पर्य काढून पुढे जातात. मला मात्र या दृष्टान्तातला तो सेवक नेहमी अडवून धरतो. संदिग्ध बोलणारा धनी आहे आणि अर्थ लावण्याची जबाबदारी सेवकाची आहे. त्याने पंक्तीत घोडा आणून उभा केला तर मूर्ख तोच ठरेल, धन्याच्या वाक्यरचनेला कोणी नावे ठेवणार नाही! शब्दार्थाचे सारे शास्त्र, निदान आपल्याकडे, या आज्ञा ऐकणाऱ्याच्या बाजूने उभे राहिलेले आहे. आणि ते साहजिकही आहे, कारण ज्यांनी ते रचले त्या मीमांसकांपुढे वेद होता, म्हणजे असा धनी, की ज्याला परत जाऊन ‘महाराज, मीठ की घोडा?’ असे विचारण्याची सोय नाही.

मीमांसकांचा मूळ सिद्धान्त असा की, शब्द आणि अर्थ यांचा संबंध औत्पत्तिक आहे. कोणा मनुष्याने अमुक दिवशी बसून तो ठरवलेला नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते तो संबंध संकेताचा आहे. या शब्दाने हा पदार्थ समजावा अशी कोणाची तरी, प्राचीनांच्या मते ईश्वराची, इच्छा त्यामागे आहे. वरवर पाहता चाऊने नैयायिकांचा विजय होतो. जो शब्द पेनसिल्व्हेनियात बरणीत आणि तात्यापाऱ्यात गोणपाटावर सापडतो त्याचा कोणत्या एका अर्थाशी अनादी संबंध असणार? मराठीतही असे साक्षीदार थोडे नाहीत. पाव हा चौथा हिस्सा, पाव ही पोर्तुगिजांनी आणलेली भाजलेली कणीक, आणि ‘देवा, पाव’ म्हणताना भक्ताच्या तोंडी येतो तो तिसराच. चिमणी वळचणीला घरटे करते आणि चिमणी रॉकेल पिऊन जळते. मीमांसकाला हे पाहून घाम फुटावा. परंतु तो सहजी हार जाणारा गडी नव्हे. एका शब्दाला अनेक अर्थ मानणे हाच अन्याय आहे, असे त्याचे म्हणणे. जेथे अनेक अर्थ दिसतात तेथे एकतर ते शब्दच निराळे असून ध्वनी तेवढा योगायोगाने सारखा आहे, किंवा अर्थ एकच असून तो आपल्या नजरेतून निसटला आहे.

आणि या दुसऱ्या पर्यायाशी मी थबकलो. सैंधव म्हणजे मीठ किंवा घोडा असे आपण घोकतो. पण सैंधव म्हणजे खरोखर ‘सिंधूकडचे’ एवढेच. त्या देशाचे मीठ नावाजलेले होते, त्या देशाचे घोडे नावाजलेले होते, आणि मागणाऱ्याला मालाच्या नावापेक्षा माल कोठून आला ते सांगणेच पुरेसे वाटत असे. अर्थ एकच आहे, वस्तू मात्र दोन. मग चाऊचेही असेच काही असेल काय, हा प्रश्न घेऊन मी जुन्या पुस्तकांकडे वळलो.

1757 पासून 1842 पर्यंत चीनच्या बादशहाने परदेशी गोऱ्या व्यापाऱ्यांना कॅन्टन हे एकच बंदर खुले ठेवले होते. आमच्या माळव्याची अफू मुंबईवरून तेथे जात असे, जमशेटजी जीजीभाईंसारखे पारशी शेठ स्वतः गलबतातून तेथवर जाऊन आले, आणि परतीच्या खेपेस चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी भरून येत. त्या धक्क्यावर इंग्रज चिनी शिकला नाही आणि चिनी माणूस इंग्रजी शिकला नाही. दोघांनी मिळून एक तिसरीच मोडकी बाजारबोली निर्माण केली, तिला पिजिन म्हणतात. त्या बोलीतला हा शब्द. यूल आणि बर्नेल यांनी 1886 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे. मूळ रोख पाकात मुरवलेल्या मिश्र फळांच्या मुरंब्यावर, आणि मग विस्तार पावत कोणत्याही खाद्यावर आणि कोणत्याही सरमिसळीवर. (यांतील बर्नेल हा संस्कृत व्याकरणाच्या ऐंद्र संप्रदायावर ग्रंथ लिहिणारा मद्रासकडचा मुलकी अधिकारी; बाजारबोलीचा कोश करावयास व्याकरणाचा पंडितच लागावा यात मला मौज वाटते.) जहाजात नाना तऱ्हेचा फुटकळ माल चढवला म्हणजे त्याला चाऊ-चाऊ माल म्हणत. आपल्या जमाखर्चाच्या वहीत ज्या रकमेला स्वतंत्र खाते नसते ती जिथे टाकतात त्या ‘किरकोळ’चाच हा समुद्रापलीकडचा भाऊ. अशाच किरकोळ मालाबरोबर कॅन्टनहून काही कुत्रे इंग्लंडास गेले आणि मालाचे नाव त्यांच्या गळ्यात पडले, अशी हकिकत सांगतात.

तेव्हा मीमांसक म्हणत होता ते खोटे नाही. येथेही अर्थ एकच निघाला, आणि तो कुत्रा नव्हे की लोणचे नव्हे. ‘तिकडून आलेले, ज्याचे नाव आम्ही विचारले नाही ते’ हा तो अर्थ होय. सैंधवात निदान सिंधूचे स्मरण तरी आहे. चाऊत कोणत्याही नदीचे नाव नाही.

कुत्रा आणि अन्न यांची सांगड मात्र त्या काळच्या युरोपीय मनात केवळ शब्दापुरती नव्हती, हेही नमूद करणे प्राप्त आहे. सेलबोर्न गावचा निसर्गनिरीक्षक पाद्री गिल्बर्ट व्हाइट याच्या 1789 मध्ये छापलेल्या पुस्तकात कॅन्टनहून आणलेल्या अशाच एका जोडीचे वर्णन आहे. निळ्या जिभेचेही, आणि तिकडे हे प्राणी खाण्यासाठी पुष्ट करतात या गोष्टीचेही. आपल्या वाचकाच्या अंगावर येथे शहारा येईल आणि श्वपच हा शब्द आपल्या भाषेत किती जुनी शिवी आहे हे त्याला आठवेल. पण त्याच क्षणी त्याने महाभारताचे शांतिपर्वही आठवावे. बारा वर्षांच्या अवर्षणात, भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो, चांडाळ जागा होतो, आणि मग त्या अंधारात धर्माची जी चर्चा सुरू होते तीत ऋषी देहरक्षणाचे समर्थन करीत असतो आणि चांडाळ त्याला भक्ष्याभक्ष्याचे शास्त्र ऐकवीत असतो! अखेर ऋषी ते मांस नेतो, यथाविधी शिजवतो, देवांचा भाग काढू लागतो, आणि पाऊस कोसळतो. मनूनेही या प्रसंगाचा निर्देश आपद्धर्मात दोष न मानता केला आहे. या कथेत ‘कुत्रा’ आणि ‘अन्न’ हे एकाच वस्तूचे दोन अर्थ झाले आहेत आणि कोणता घ्यावा हे सांगणारे प्रकरण म्हणजे भूक. (नामदेवांची तुपाची वाटी येथे कोणालाही आठवेल. ती इतक्या वेळा पुढे केली गेली आहे की मी ती आज मुद्दाम बाजूला ठेवतो.)

परक्या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा, हा प्रश्नही मीमांसेने टाळलेला नाही. जैमिनीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात यावर एक अधिकरण आहे. वेदात पिक, नेम, सत, तामरस असे काही शब्द येतात की जे आर्यांच्या व्यवहारात नाहीत, म्लेच्छांच्या व्यवहारात मात्र आहेत. त्यांचा अर्थ कसा लावावा? एक पक्ष म्हणतो, निरुक्त व व्याकरण हाती घ्या, धातू शोधा आणि काही तरी व्युत्पत्ती बसवा. म्लेच्छांचे प्रामाण्य कशाला? भाष्यकार शबरस्वामींचा निर्णय याच्या उलट आहे. म्लेच्छ पिक म्हणजे कोकिळ समजतात, नेम म्हणजे अर्धा, तामरस म्हणजे कमळ, सत म्हणजे शंभर छिद्रांचे लाकडी पात्र. तेच अर्थ घ्यावेत. आणि त्याचे जे कारण ते देतात ते मला त्या सबंध भाष्यातले एक अत्यंत उमदे वाक्य वाटते. शिष्टांचा आचार प्रमाण हे खरे, पण ते अतींद्रिय गोष्टींत. पक्षी पकडण्यात आणि पाळण्यात म्लेच्छच अधिक वाकबगार आहेत. सनातनपणाचा मक्ता ज्यांच्याकडे आहे असे आपण मानतो त्या मीमांसकांनी, पाखराचे नाव पारध्याला विचारा, असा निवाडा देऊन ठेवला आहे. आणि आमचे अर्धे भाषाशुद्धीवाले अजून धातू शोधीत बसले आहेत.

हा निवाडा चाऊला लावू गेलो तर मात्र पंचाईत होते. चिनी माणसाला विचारावे तर तो या कुत्र्याला चाऊ म्हणतच नाही. ‘सोंगशी’ म्हणतो, म्हणजे फुललेल्या केसांचा सिंह. बरणीतल्या मोहरीच्या फुलकोबीशी तर त्याचा काहीच संबंध नाही. शब्द चिनी वंशाचा म्हणावा आणि चिनी मनुष्याने त्याला ओळख देऊ नये, अशी त्या बिचाऱ्याची स्थिती आहे. ज्या म्लेच्छाला विचारावयाचे तो म्लेच्छच येथे उरलेला नाही. धक्क्यावरची ती बाजारबोली तिच्या बोलणाऱ्यांबरोबर संपली, आणि तिचे प्रमाण कोणाच्या घरी ठेवलेले नाही.

चीनमधून शब्द नेण्याआणण्याची दुसरीही एक तऱ्हा होऊन गेली आहे, आणि तिचा संबंध योगायोगाने आमच्याच प्रांताशी पोहोचतो. रायपूरहून सुमारे 80 किलोमीटरवर, महानदीच्या काठी सिरपूर आहे. तेथे विटांचे लक्ष्मण मंदिर आहे; महाशिवगुप्त बालार्जुनाची माता वासटा हिने ते आपल्या पतीच्या स्मरणार्थ उभारले. त्याच्या दाराच्या चौकटीवरील कोरीव काम पाहिल्यावर विटांची ओबडधोबड बांधणी डोळ्यांसमोर ठेवून आलेला माणूस हटकून ओशाळतो. जवळच भिक्षू आनंदप्रभूच्या विहाराचे अवशेष आहेत; अंगणाभोवती भिक्षूंच्या खोल्या, मध्ये भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध. सातव्या शतकात ह्युएन त्संग कोसल देशात आला तेव्हा त्याने जी राजधानी पाहिली ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात; शंभरएक विहार आणि दहा हजारांहून थोडे कमी भिक्षू अशी त्याची गणना आहे. ह्युई-लीने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात याहून मोलाची एक गोष्ट आहे. या देशात हेतुविद्येत प्रवीण असा एक ब्राह्मण होता, आणि त्याच्यापाशी महिनाभराहून अधिक राहून या चिनी श्रमणाने दिङ्नागाचा प्रमाणसमुच्चय वाचला. त्या ब्राह्मणाचे नाव चरित्रकाराने दिलेले नाही. बौद्ध आचार्याचा ग्रंथ, शिकवणारा ब्राह्मण, शिकणारा चिनी, आणि हे सारे महानदीच्या खोऱ्यात; आमच्या शहराच्या आसपास विद्येची याहून श्रीमंत बैठक झाली असेल असे मला वाटत नाही.

प्रमाणसमुच्चयाचा पाचवा परिच्छेद अपोहाचा आहे. दिङ्नागाचे म्हणणे असे की, शब्द वस्तूला स्पर्शच करीत नाही; तो केवळ इतरांना दूर सारतो. ‘गाय’ या शब्दाने गाय हाती येत नाही. जे जे गाय नव्हे त्याची व्यावृत्ती होते. लहानपणी हे मत वाचले तेव्हा मला ते तर्काची कसरत वाटले होते, आणि आमच्या ओसरीवर त्या दुपारी जे घडले त्याने ते मला प्रथम पटले. बाईंनी हात पुसून बरणी उजेडात धरली. दाणा नाही, म्हणजे चाउर नव्हे. मग कुकुर म्हणतात तो? तर तोही नव्हे, तो गल्लीत निजला आहे. मग झाकण काढून वास घेतला, नाक मुरडले, आणि ‘अथान’ म्हणून मोकळ्या झाल्या. छत्तीसगढीत लोणच्याला हेच नाव आहे. एकेक अर्थ बाजूस सारीत त्या शेवटी जिथे पोहोचल्या तिथे चाऊ हा शब्द शिल्लकच उरला नव्हता.

तो श्रमण शेकडो पोथ्या घेऊन मायदेशी गेला आणि उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालवले. कोणत्या संस्कृत शब्दांचे भाषांतर करू नये, ध्वनी तसाच चिनी लिपीत उतरवावा, याचे पाच नियम त्याच्या नावावर सांगतात. 12व्या शतकातल्या एका चिनी बौद्ध कोशाच्या प्रस्तावनेत ते नोंदलेले आहेत. गूढ मंत्रांचे भाषांतर करू नये. चीनमध्ये जी वस्तूच नाही, उदाहरणार्थ जांभळाचे झाड, तिचे करू नये. पूर्वसूरींनी जो शब्द ध्वनिरूपाने रूढ केला त्याचे करू नये. भाषांतराने ज्याचे गांभीर्य उणावते, जसे प्रज्ञा, त्याचे करू नये. आणि या सर्वांत मला सतावणारा नियम दुसरा: ज्या शब्दाला अनेक अर्थ आहेत त्याचे भाषांतर करू नये. भगवत् या शब्दाचे सहा अर्थ. चिनी भाषेतला कोणताही एक प्रतिशब्द घेतला तर पाच मरतील, म्हणून शब्दच उचलून न्यावा. परक्याचा शब्द न उलगडता जसाच्या तसा नेणे हे दोघांनीही केले, श्रमणानेही आणि कॅन्टनच्या धक्क्यावरील कारकुनानेही. श्रमणाने सहाही अर्थ जाणून घेतले आणि त्यांतला एकही गमावू नये म्हणून शब्दाला हात लावला नाही. कारकुनाने एकही अर्थ विचारला नाही आणि त्यामुळे त्याच्या वहीत जे जे येईल ते त्या एका शब्दात मावत गेले. बाहेरून दोन्ही शब्द सारखेच अनेकार्थी दिसतात. कोशात त्यांच्यापुढे एक, दोन, तीन असेच आकडे घातलेले असतात.

भर्तृहरीने अनेकार्थी शब्दाचा निश्चय करणाऱ्या साधनांची जी यादी वाक्यपदीयात दिली, संसर्ग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल, स्वर इत्यादी, तीत ऐकणाऱ्याचा स्वभाव नाही. हे उणे आहे असे म्हणण्याचे धाडस मी केले नसते. पण बृहदारण्यकातली एक कथा मला तसे म्हणायला लावते. देव, मनुष्य आणि असुर हे प्रजापतीचे तिघे पुत्र त्याच्यापाशी ब्रह्मचर्याने राहिले आणि निघताना प्रत्येकाने उपदेश मागितला. प्रजापतीने तिघांनाही एकच अक्षर सांगितले, ‘द’. देवांनी दमन असा अर्थ घेतला, माणसांनी दान असा, असुरांनी दया असा. आणि प्रत्येकाला प्रजापती म्हणाला की होय, तुला समजले. शंकराचार्यांनी यावर असेही सुचवले आहे की, देव आणि असुर कोठे बाहेर शोधावयास नकोत; माणसांतच कोणी असंयमी, कोणी लोभी, कोणी क्रूर असतात. म्हणजे येथे प्रकरण एक, देश एक, काल एक, वक्ता एक, स्वरही एक. अर्थ वेगळा झाला तो प्रत्येकाने आपल्यात काय उणे आहे ते प्रामाणिकपणे पाहिले म्हणून. सैंधवाच्या दृष्टान्तातला सेवक धन्याचे मन ओळखू पाहतो, या कथेतला शिष्य स्वतःचे ओळखतो. लोभी मनुष्याने ‘द’ ऐकून ‘दुसऱ्यांनी दमन करावे’ असा अर्थ काढला असता तर प्रजापतीने होय म्हटले असते काय?

तेव्हा शब्दार्थसंबंध नित्य की सांकेतिक, हा वाद मी विद्वानांवर सोपवतो; माझा कल कोणीकडे आहे हे विचारल्यास संकेताकडेच आहे, पण संकेत करणाऱ्यापेक्षा तो पाळणाऱ्याला मी अधिक मानतो. ज्या शब्दामागे कोणी विचारपूस केलेली असते त्याचे अनेक अर्थ मला समृद्धी वाटतात, ज्याच्यामागे ती नसते त्याचे दारिद्र्य. आणि हे कॅन्टनच्या कारकुनास उद्देशून लिहीत असता त्या दुपारचा तो प्रश्न पुन्हा कानी येतो, दुबराज की जवाफूल? 1741 मध्ये भास्करपंतांच्या फौजेबरोबर मराठे या मुलखात आले, पुढे रतनपूरला बिंबाजी भोसल्यांची गादी झाली, आमच्यासारख्यांचे पूर्वज दप्तरे सांभाळायला, पूजा सांगायला, शाळा चालवायला आले आणि येथलेच झाले. माधवराव सप्र्यांनी तर येथल्या हिंदीची अशी सेवा केली की टिळकांचे गीतारहस्य हिंदी वाचकांना त्यांच्याच लेखणीतून मिळाले. पण येथल्या कृषी विद्यापीठाच्या संग्रहात धानाचे 23,000 हून अधिक वाण जपून ठेवले आहेत आणि आमच्या घरात त्या सर्वांना मिळून एकच नाव आहे, तांदूळ. फार तर बारीक आणि जाडा. विष्णुभोग, जीराफूल, बादशाहभोग, सफरी, गुरमटिया ही नावे मी या लेखासाठी ओसरीवर बसून बाईंकडूनच उतरवून घेतली, आणि सांगताना त्या प्रत्येक नावाबरोबर कोणता पेजेला, कोणता पाहुण्याला, कोणता थोड्या पाण्यावरही तगतो, हे आपसूक सांगत होत्या. शबरस्वामींचा पारधी माझ्या घरी रोज सकाळी सातला येत होता. मी विचारले नव्हते.

पुतणी परत गेली. बरणीतले तोंडीलावणे सौभाग्यवतींच्या नापसंतीस न जुमानता मुलांनी महिनाभरात चाटूनपुसून संपवले. गल्लीतला चाऊ मृग लागल्यावर गोणपाटावरून उठला आणि पहिल्या सरीत निळी जीभ बाहेर काढून उभा राहिला. परवा स्वयंपाकघरात काही शोधताना फळीवर ती बरणी दिसली. बाईंनी ती घासून, उन्हात वाळवून, पावसाळ्याच्या बेगमीसाठी तीत आपल्या गावाहून आणलेला थोडा दुबराज भरून ठेवला होता, वर कडुलिंबाची चार पाने घालून. चिठ्ठी तशीच होती.